तारखेचा माणूस

मैनुद्दीन तांबोळीने उभ्या आयुष्यात एकदाही तारीख चुकवली नव्हती. बिबवेवाडीत त्याचं शिलाईचं दुकान होतं. तीन मशिनं, दोन कारागीर आणि कापायला स्वतः तो. शिंप्याने दिलेला शब्द पाळला की गिऱ्हाइकाला आधी संशय येतो आणि मग सवय होते, तशी बिबवेवाडीला त्याची सवय झालेली होती. शुक्रवार म्हटलं की शुक्रवार. बहुतेक वेळा गुरुवारीच कपडा इस्त्री होऊन पिशवीत पडलेला असे. मधेच 'झालं का?' विचारायला येणाऱ्याला तो मान वर न करता सांगायचा, "पावतीवर तारीख आहे. वाचता येत असेल तर वाचा."

यामागची त्याची युक्ती साधी होती. उद्याचं काम आज ओढायचं. रमजान ईदच्या आधीचे वीस दिवस आणि जूनमधले शाळेच्या गणवेशाचे पंधरा दिवस ही शिंप्याची खरी परीक्षा, आणि दोन्ही वेळेला तो जेवण, झोप, सुट्टी सगळं मोडून कामात घालायचा. हात चालतोय तोवर चालवून घ्यायचा, हे त्याच्या अब्बांचं शिक्षण. कापडाच्या बाबतीत ते बरोबरच होतं. माणसाच्या हाडामांसाला ते लागू पडतं की नाही, हे तपासून बघायची वेळ त्याच्यावर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत आली नव्हती. ती नाजिमामुळे आली.

नाजिमा त्याची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. कात्रजला राहायची. नवरा कासिम डेअरीतून निवृत्त झालेला, मुलगी मिसबा हिंजवडीत एका कंपनीत कामाला. नाजिमाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, तिचं रक्त बाहेर काढून मशिनीतून साफ करून परत आत सोडायचे. जी बाई घरात कधी कोणाला स्वतःचा पेला उचलू द्यायची नाही, ती आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची.

किडनी द्यायला घरात कोण, याचा शोध फार लांबला नाही. कासिमला साखर, म्हणजे तो बाद. मिसबा तयार होती, पण तिचं नाव काढलं की नाजिमा डायलिसिसलाच जाणार नाही म्हणून बसायची. चोवीस वर्षांच्या लेकीच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही, हे तिने एकदाच सांगितलं आणि ते सगळ्यांना पुरलं. राहिला मैनुद्दीन. रक्तगट जुळला, बाकीचं जुळलं, त्याची बायको मेहरुन रात्रभर जागून सकाळी हो म्हणाली. अडलं ते त्याच्या पोटापाशी. वजन ब्याण्णव किलो आणि रक्तदाब काठावर. रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टर नम्रता म्हणाल्या की नऊ किलो उतरवा, रक्तदाब खाली आणा, मग पुढचं बोलू. किती दिवसांत, असं त्याने विचारलं. दिवसांत नाही, त्या म्हणाल्या, चार-सहा महिने धरा, आणि सावकाश करा.

बाहेर बाकावर नाजिमा बसली होती. तिने काहीही विचारलं नव्हतं. तरी मैनुद्दीनने दुकानात कापड मापून झाल्यावर सांगावं तितक्या सहज तिला सांगितलं, "बकरी ईदच्या आत, आपा."

तेव्हा रमजान ईद नुकतीच झाली होती. बकरी ईद दहा आठवड्यांवर होती.

पळायची कल्पना मिसबाची. तिने मामूच्या फोनवर नवशिक्यांसाठीचा एक कार्यक्रम टाकून दिला. नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. दर आठवड्याला पळणं थोडं वाढायचं, चालणं थोडं घटायचं, आणि नवव्या आठवड्यात माणूस न थांबता अर्धा तास पळायचा. कधी पळायचं, कधी चालायचं ते फोनमधली बाई इंग्रजीत सांगायची. "मामू, रेस्ट डे स्किप नाही करायचा हं," मिसबाने बजावलं. "तो प्रोग्रामचाच पार्ट आहे. आणि स्पीड इतकाच की पळताना बोलता आलं पाहिजे."

मैनुद्दीनने मान डोलावली आणि मनात हिशेब मांडला. कार्यक्रम नऊ आठवड्यांचा, हातात दहा. म्हणजे हातात जेमतेम एक आठवडा उरणार, आणि त्याच सुमाराला गणवेश अंगावर येणार. हे त्याला पटेना. एका दिवशी पळायचं आणि दुसऱ्या दिवशी नुसतं बसायचं, याला तो मनातल्या मनात 'खाडा' म्हणायचा. कारागीर एक दिवसाआड कामाला आला असता तर त्याने त्याला ठेवला असता का?

पहिले तीन दिवस त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. चौथ्या दिवशी, म्हणजे आरामाच्या दिवशी, तो पहाटे फजरची नमाज पढून घराजवळच्या मैदानावर हजर झाला. दुसऱ्या आठवड्यात त्याने तिसऱ्या आठवड्याचं काम उरकलं. संध्याकाळी दुकान कारागिरांवर टाकून आणखी एक फेरी मारायला लागला. फोनमधली बाई 'चाला' म्हणाली की याचा पाय आणखी वेगात पडायचा, कारण चालणं म्हणजे त्याला वाया गेलेलं कापड वाटायचं. भात सोडला, रात्रीची पोळी सोडली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काटा शहाऐंशीवर आला तेव्हा त्याने भर बाजारपेठेत उभं राहून नाजिमाला फोन केला. ती 'माशाल्ला' म्हणाली आणि मग 'जपून' म्हणाली. दुसरा शब्द त्याने ऐकलाच नाही.

मैदानावर एक बद्रीनाथ नावाचे गृहस्थ रोज यायचे. सत्तरी गाठलेली, मूळचे अकोल्याकडचे, मुलाच्या नोकरीमुळे पुण्यात आलेले. ते पळायचे ते इतकं हळू की शेजारून चालणाऱ्या बायका त्यांना मागे टाकायच्या. मैनुद्दीन त्यांना एका सकाळी सहा-सहा वेळा ओलांडायचा आणि दर वेळी त्याला बरं वाटायचं. एकदा पाणी पिताना गाठ पडली तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढं काऊन पयता जी? मांगं पोलीस लागले का?" मैनुद्दीन हसला आणि म्हणाला की तारीख दिलीय. कसली तारीख, हे त्याने सांगितलं नाही आणि त्यांनीही खोदून विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात उजव्या नडगीत कळ यायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग सकाळी बिछान्यातून पाय खाली टेकवताच. मेहरुनने तेल लावून चोळून दिलं आणि आठ दिवस बंद करा म्हणाली. आठ दिवस हा शब्दच त्याच्या कानाला सहन झाला नाही. त्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. इथे एक सांगायला हवं. आपल्याकडे अंगदुखीच्या गोळीला कोणी औषध समजत नाही. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते, आणि ही गोळी म्हणजे चहा-बिस्किटाच्या ओळीतली वस्तू. गणवेशाच्या हंगामात पाठ धरली की मैनुद्दीनच्या दुकानात कारागीरसुद्धा एकमेकांना ती द्यायचे घ्यायचे. तशी त्याने सकाळी एक घेतली. कळ थांबली, तो पळाला. पुढच्या आठवड्यात सकाळी एक, संध्याकाळी एक. मग दुपारीही एक, कारण मशिनीचं पायडल दाबतानाही दुखायचं. दिवसातून तीन गोळ्या, पोटात अन्न कमी आणि मे महिन्याचं ऊन. पण कार्यक्रमातला नववा आठवडा त्याने सहाव्या आठवड्यातच संपवला. अर्धा तास, न थांबता. शेवटची पाच मिनिटं त्याला रडू येत होतं ते दुखण्यामुळे की आनंदामुळे हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

काटा चौऱ्याऐंशी दाखवायला लागला. एवढा एक किलो डॉक्टर समजून घेतील अशा भरवशावर, मे संपायच्या आत, बकरी ईदला दहा दिवस असताना तो मेहरुनला घेऊन रुग्णालयात गेला. गुरुवारीच तयार असलेला शुक्रवारचा कपडा घेऊन निघावं तसा तो निघाला होता. रक्त दिलं, लघवी दिली, फॉर्म भरला. 'चालू असलेली औषधे' या रकान्यात त्याने 'नाहीत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नम्रतांनी दोघांना समोर बसवलं आणि बराच वेळ कागद बघितला. किडनी रक्त किती साफ करते हे सांगणारा एक आकडा असतो, क्रिएटिनिन म्हणतात त्याला. किडनीचं काम मंदावलं की तो वर चढतो. नाजिमामुळे घरातल्या सगळ्यांना तो शब्द पाठ झाला होता. एप्रिलमध्ये मैनुद्दीनचा आकडा शून्य पूर्णांक नऊ होता. आता तो दीडच्या पुढे गेला होता, आणि लघवीतून जे जायला नको ते जात होतं.

"काही औषधं घेताय?" डॉक्टरांनी विचारलं.

तो नाही म्हणाला, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं. मेहरुनने मात्र पर्स उघडली. आतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून तिने एकेक करून टेबलावर मांडली. पाच होती. दुकानाच्या कात्र्या ठेवायच्या ड्रॉवरमधून तिने ती गोळा केली होती आणि तीन दिवस कोणाला दाखवावीत हे न कळून सांभाळली होती.

डॉक्टर नम्रता चिडल्या, आणि चिडलेलं त्यांनी लपवलं नाही. या गोळ्या किडनीच्या मुळावर उठतात, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यात पाणी कमी, खाणं कमी, उन्हात पळणं. निरोगी किडनी द्यायला निघालेला माणूस तीच किडनी तीन आठवडे रोज तीनदा झोडपत होता. बंद केलं तर बहुतेक आकडा उतरेल, पण उतरेलच असं त्या लिहून द्यायला तयार नव्हत्या. नाही उतरला तर किडनी देणारा म्हणून त्याची फाइल बंद. इतकंच नाही, तर मग किडनीचा पेशंट म्हणून त्याच्याच नावाने नवी उघडावी लागेल. नडगीचा फोटो काढला तर हाडाला केसाएवढी चीर. तीन आठवडे पळणं पूर्ण बंद, गोळी कायमची बंद, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

परतताना रिक्षात मेहरुनने मैनुद्दीनचा हात मांडीवर घेऊन ठेवला. घरी पोचायच्या आत मिसबाचा फोन आला. मेहरुनने तिला खरं काय ते सांगितलं. मिसबा म्हणाली, ठीक आहे, मग मी देते, अम्मीला मी बघून घेते. नाजिमा काय करेल हे मैनुद्दीनला माहीत होतं. ती मशिनीकडे जायचंच सोडून देईल, आणि हे सगळं त्याच्या पायांनी घडलेलं असेल.

नाजिमाला सांगायला त्याला दहा दिवस लागले. बकरी ईद झाली, मटणाचे वाटे झाले, तिने तारखेचं काही काढलं नाही, यानेही काढलं नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी तिचं डायलिसिस होतं, तेव्हा तो कासिमऐवजी स्वतः सोबत गेला. मशीन सुरू झालं, नर्स निघून गेली, आणि त्याने स्टुलावर बसून सगळं सांगितलं. खाडे न करता पळाल्याचं, दुप्पट केल्याचं, नडगीचं, गोळ्यांचं, आकड्याचं. खाली मान घालून सांगत होता. आपल्या घरात हे सगळे दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोलत, आणि रडणं आलं की दखनीत ते लपत नाही.

नाजिमा छताकडे बघत ऐकत होती. तिच्या हाताच्या दोन नळ्यांतून रक्त जात येत होतं.

"तारीख तू दिलीस, मैनू," ती म्हणाली. "मी मागितली नव्हती."

तुझा त्रास बघवत नव्हता, असं काहीतरी तो पुटपुटला.

"त्रास आहेच. पण त्रासातल्या माणसाला तारीख दिली की तो दिवस मोजायला लागतो. मी मोजत नव्हते. तू मला मोजायला लावलंस." हे ती रागावून म्हणाली नाही, आणि त्यामुळे ते त्याला जास्त लागलं. मग तिने उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली डोळ्यांनी दाखवली. एक लिटरची साधी बाटली, तिच्यावर पेनाने आठ रेघा मारलेल्या. दिवसाला एवढंच पाणी, चहा आणि वरणासकट. ती सांगू लागली. पहिले दोन महिने ती दुपारच्या आत बाटली रिकामी करायची आणि संध्याकाळी जीभ टाळ्याला चिकटली की बाथरूममध्ये नळ सोडून त्याच्याकडे बघत रडायची. कोणाला हे माहीत नव्हतं. मग तिने रेघा मारल्या. दर दोन तासांना एक रेघ. तहान लागते म्हणून पुढची रेघ आधी प्यायची नाही, आणि तहान नाही म्हणून ही सोडायची नाही. आज वाचवलेलं पाणी उद्या कामाला येत नाही, आणि उद्याचं आज पिता येत नाही. एवढं शिकायला तिला दोन महिने लागले होते.

"मला तुझी एक किडनी लागणार आहे," ती म्हणाली. "दुसरी तुला लागणार आहे, मरेपर्यंत. तू पहिलीसाठी पळत होतास. दुसरीचा विचार केलास का कधी?"

त्याने केला नव्हता. खरं सांगायचं तर ऑपरेशनच्या पलीकडे काही असतं, हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात गेला की शिंप्याचं काम संपतं. इथे कपडा देऊन झाल्यावर उरलेल्या अर्ध्या कापडावर त्यालाच तीस वर्षं काढायची होती. तो स्टुलावर बसल्या बसल्या रडला, आणि नाजिमाने, हात हलवता येत नव्हता म्हणून, पायाने त्याच्या गुडघ्याला टोचून गप्प केलं.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही घडलं नाही, आणि काही न घडणं हेच काम होतं. तीन आठवडे तो फक्त चालला. भात परत सुरू केला, दोन वेळची पोळी सुरू केली, पाणी प्यायला लागला. मग डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली तेव्हा त्याने फोन काढला आणि कार्यक्रम पुन्हा पहिल्या आठवड्यावर आणला. एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं. जो माणूस मे महिन्यात अर्धा तास पळून आला होता त्याला जूनअखेरीस साठ सेकंदांनी चालायला लागणं हा केवढा अपमान वाटला असेल, हे ज्याने कधी काही घाईने मिळवून गमावलंय त्यालाच कळेल. पहिल्या दिवशी चालायची आज्ञा झाली आणि त्याचा पाय थांबेना. त्याने मैदानाच्या कठड्याला हात लावून स्वतःला थांबवलं.

त्याने बद्रीनाथांना शोधून काढलं आणि सोबत पळू का म्हणून विचारलं. यावेळी कारणही सांगितलं. बद्रीनाथ नुसतं हूं म्हणाले. त्यांची पद्धत मजेशीर होती. ते पळता पळता बोलायचे. अकोल्याची तूर, गावाकडची विहीर, सुनेच्या हातचं पुण्याचं गोड वरण, सगळं. मधेच मैनुद्दीनला प्रश्न टाकायचे. त्याचं उत्तर एका शब्दात आलं की काही न बोलता पाय आखडता घ्यायचे, पूर्ण वाक्यात आलं की तीच चाल ठेवायचे. शेजारून चालणाऱ्या बायका दोघांना मागे टाकून जायच्या. मैनुद्दीनला सुरुवातीचे काही दिवस ते सोसत नव्हतं. नंतर गप्पांच्या नादात कोण पुढे गेलं हे बघायचं तो विसरायला लागला. पाचव्या आठवड्याचं पळणं झेपेना तेव्हा त्याने तोच आठवडा पुन्हा केला, आणि तरी झेपेना म्हणून तिसऱ्यांदा. आरामाच्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायचा. कारागिरांना वाटलं, मालकाला काहीतरी झालंय.

सहा आठवड्यांच्या तपासणीत आकडा एक पूर्णांक दोनवर आला. उतरला होता, पण पुरेसा नाही. जुन्या मैनुद्दीनने डॉक्टरांना 'मग पुढे कधी?' विचारून हैराण केलं असतं. तो फक्त बरं म्हणाला आणि घरी आला. मग मात्र संध्याकाळी दार लावून मेहरुनजवळ त्याने कबूल केलं की भीती वाटतेय. आकडा इथेच थांबला तर? मेहरुनने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

ऑक्टोबरात तो शून्य पूर्णांक नऊवर आला. वजन ब्याऐंशी. रक्तदाब जागेवर. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम पुरा व्हायला पंधरा आठवडे लागले होते, आणि शेवटच्या दिवशी अर्धा तास पळून झाल्यावर बद्रीनाथ त्याला म्हणाले, "आता तुमाले दम नाही लागत जी, बोलता चांगलं." दुसऱ्या कोणाला ही स्तुती वाटली नसती.

सख्ख्या बहिणीला किडनी द्यायची तरी एका समितीपुढे जावं लागतं. देणारा स्वखुशीने देतोय ना, हे ते बघतात. नोव्हेंबरात बोलावणं आलं. रुग्णालयातल्या एका खोलीत लांब टेबलामागे तिघं बसले होते आणि बाजूला कॅमेरा लावलेला होता. मेहरुनला वेगळं विचारलं, नाजिमाला वेगळं विचारलं, मग मैनुद्दीनला आत घेतलं. नाव, नातं, धंदा. ऑपरेशनचे धोके माहीत आहेत का? आहेत. पैशाचा काही व्यवहार? नाही. मधोमध बसलेल्या, केस पांढरे झालेल्या बाईंनी चष्म्यावरून बघत शेवटचा प्रश्न केला. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का, कोणी घाई करतंय का?

"घाई केली होती," मैनुद्दीन म्हणाला. "मीच."

बाईंचा पेन थांबला. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, हे त्याला त्या क्षणी दिसत होतं. फाइलवर नको तो शेरा पडला तर एवढं सगळं मातीत जाईल हेही दिसत होतं. पण एका रकान्यात एकदा 'नाहीत' लिहून त्याने बघितलं होतं. त्याने पहिल्यापासून सांगितलं. बकरी ईदची तारीख, खाडा, गोळ्या, पाच रिकामी पाकिटं. कॅमेरा चालू होता.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता मी तिला तारीख दिलेली नाही. ऑपरेशन झाल्यावर मलाही जगायचंय, तेवढं मी शिकलोय. तुम्ही सांगाल तेव्हा."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. त्याला बाहेर बसायला सांगितलं, आणि अर्ध्या तासाने डॉक्टर नम्रता स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या की मंजुरी मिळाली. डिसेंबरच्या मध्यावर करू, नक्की दिवस कळवू. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पळायला हरकत नाही, पण पहिल्या आठवड्यापासून. एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं. तिसऱ्यांदा. मैनुद्दीनने बरं म्हटलं, आणि ते इतकं सहज म्हणता आल्याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

मेहरुन आणि कासिम कागद घ्यायला खाली गेले होते. लिफ्ट कॉरिडॉरच्या पार टोकाला होती. नाजिमा उठली आणि भिंतीला हात लावत चालू लागली. मैनुद्दीन चालता चालता सहज पुढे गेला, आणि काही विचारायला म्हणून वळला तर ती दहा पावलं मागे उभी होती, श्वास घेत. गेले सात-आठ महिने सगळं गणगोत त्याला शाबासकी देत होतं, बहिणीला अंगातला तुकडा काढून देणारा भाऊ म्हणून. पण ती आजारी पडल्यापासून तिच्या चालीने, तिच्या शेजारून तो एकदाही चालला नव्हता. प्रत्येक वेळी पुढे जाऊन लिफ्ट अडवून धरणं, दार उघडून धरणं, रिक्षा थांबवून धरणं, आणि लांबून 'चल आपा' म्हणणं. यालाच तो सेवा समजत होता. त्याला मनापासून लाज वाटली.

तो मागे आला. नाजिमाने त्याच्या दंडाला धरलं. दोघं चार पावलं चालले आणि थांबले, पुन्हा चार पावलं चालले. समोर लिफ्ट आली, दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं आणि मिटलं. थांबवा म्हणून कोणी हाक मारली नाही.